‘बेजार’ म्हटलं की समोरच्याला काय कळतं?

मलप्रभा_माहेर

नमस्कार. इथं बरीच वर्षं नुसती वाचते, लिहायला आज पहिल्यांदाच बसलेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं माहेर खानापूर तालुक्यात, लग्न होऊन बेळगावात अनगोळला आले. यजमान उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत. घरात भांडणतंटा नाही, सासूचा जाच नाही, कर्ज म्हणाल तर सोसायटीचं थोडंफार. आणि तरीही तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझं काहीतरी बिनसलं. पहाटे तीनला डोळे उघडायचे ते उघडेच राहायचे. भाकरी थापायला बसले की हात पिठात आणि मी भलतीकडंच. एकदा तवा तापून धूर निघायला लागला, सासूबाईंनी परसातून धावत येऊन उतरवला. मी तिथंच बसले होते आणि मला वाससुद्धा आला नव्हता.

नणंद म्हणाली, दुसरं मूल होऊ दे, मन रमेल. आईनं गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं, लिंबू उतरवून टाकलं. सौंदत्तीला जाऊन यल्लम्माची ओटी भरून आलो. सगळ्यांनी आपापल्या परीनं जीवच लावला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. यजमान दवाखान्यात जाऊया म्हणाले तेव्हा मीच बिथरले. ‘मला धारवाडला सोडणार काय?’ म्हणून दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आपल्याकडं धारवाड म्हटलं की वेड्यांचं हॉस्पिटलच समजतात, ते तुम्हाला माहीतच आहे.

शेवटी गेले. (दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कृपया विचारू नका.) डॉक्टर तरुण होते, म्हैसूरकडचे, नुकतेच आलेले. स्वभावानं चांगले. पण त्यांना मराठी येत नव्हतं आणि माझं कन्नड बाजारापुरतं, एष्टु, बेकु, बेडा. हिंदी दोघांचंही मोडकंतोडकं. यजमानांची पहिली पाळी होती म्हणून सोबत बारा वर्षांचा मुलगा. त्याला कन्नड चांगलं येतं, मित्रच सगळे कन्नड. तोच आमच्या दोघांच्या मधे उभा राहिला, पाठीवर दप्तर तसंच.

झोप लागते का, जेवण जातं का, हे सगळं विचारून झालं. मग डॉक्टर म्हणाले, ‘जीवन बेजार आगिदेया?’ मला अर्धंमुर्धं कळलं. पोरगं एकदम गप्प झालं. दप्तराचा बंद पिरगाळत, माझ्याकडं न बघता म्हणालं, ‘आई, तुला कंटाळा येतो काय, विचारतायत.’

मी म्हटलं, ‘येतो की थोडा. घरकामाचा कुणाला येत नाही?’

त्यानं तेवढंच डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. बाहेर चाळीसेक माणसं ताटकळत होती.

मला तेव्हा जगायचं नव्हतं. हे मी आज लिहू शकते. पण बारा वर्षांच्या पोराच्या तोंडून ते डॉक्टरांपर्यंत कसं पोचवणार होते?

महिन्या-दीड महिन्यानं परत गेले तेव्हा तिथं बैलहोंगलकडच्या एक वयस्कर सिस्टर होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पोराकडं बघितलं. त्याच्या हातात वीस रुपये दिले, खालून शेंगा घेऊन ये म्हणाल्या. दार लोटलं आणि स्टूल माझ्याजवळ ओढून बसल्या. शहापुरात भाड्यानं राहताना शेजारणींकडून उचललेलं त्यांचं मराठी. म्हणाल्या, ‘तायी, पोराम्होरं बोलाय येत नाही असं काय हाय?’ मी काहीच बोलले नाही. मग सरळच विचारलं, ‘मरून जावं वाटतंय काय?’

मी ‘होय’ म्हटलं. त्यांनी हातातलं पेन बाजूला ठेवलं आणि माझा हात धरून बसल्या, पोरगं शेंगा घेऊन दारावर थाप मारेपर्यंत. मग उठून डॉक्टरांशी बोलल्या. गोळ्या बदलल्या. तिसऱ्या आठवड्यात झोप लागायला लागली. पुढं एक दिवस कांदा चिरताना मी गुणगुणत होते म्हणे. मला कळलंच नाही, सासूबाईंनी सांगितलं.

आता माझं विचारणं असं आहे. सीमाभागात राहून तुम्ही मनातलं डॉक्टरांना कुठल्या शब्दांत सांगता? मधे कोण असतं? आणि घरी काय सांगता?

निपाणीकर_७९

ताई, शब्दाची अडचण आम्हाला नव्हती. आम्ही कोल्हापूर गाठलं, डॉक्टर मराठीच. अडचण परत घरी आल्यावर सुरू झाली.

माझा धाकटा भाऊ एकविसाव्या वर्षी आजारी पडला. तंबाखूच्या शेतातून कुणीतरी नाव घेऊन हाका मारतंय म्हणायचा. रात्री उठून बांधावर जाऊन उभा राहायचा. स्किझोफ्रेनिया हा शब्द आम्हाला डॉक्टरांनी वहीत लिहून दिला, तो आई अजून बोलू शकत नाही. आई बिड्या वळायची. वळायला जमणाऱ्या बायकांना तिनं दोन वर्षं सांगितलं की धाकटा पुण्याला कंपनीत आहे. तो घरातच होता, माळ्यावरच्या खोलीत. गोळ्या तांदळाच्या डब्यात.

बहिणीला बघायला पाहुणे येणार होते, त्या दिवशी आम्ही त्याला पहाटे शेतातल्या खोपीत नेऊन बसवलं. मीच नेलं. भाकरी आणि झुणका बांधून दिला होता. अंधार पडल्यावर आणायला गेलो तर भाकरी तशीच होती. म्हणाला, ‘ते तायडीला बघायला आल्ते न्हवं? मग मला का लपवलंसा?’ मला उत्तर देता आलं नाही. आज अठरा वर्षं झाली तरी देता आलेलं नाही.

लग्नानंतर दोन वर्षांनी दाजींना कळलं. ते एवढंच म्हणाले, ‘आमच्या थोरल्या काकांना पण हाय की. आमी पण तुमास्नी सांगितलं नव्हतं.’ दोन्ही घरांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली होती.

भाऊ आज दोन म्हशी सांभाळतो, सकाळी सहाला डेअरीला दूध घालतो. गोळी चुकवत नाही. ती आता तांदळाच्या डब्यात नसते, देवळीत पाण्याच्या तांब्याजवळ असते.

गोकाकची_सून

माझी मातृभाषा कन्नड. लग्न होऊन बेळगावात मराठी घरात आले त्याला अकरा वर्षं झाली. मराठी इथंच शिकले, म्हणून लिहिताना चुकेन.

मलप्रभाताई, तुमचा ‘बेजार’ वाचून मी रात्री झोपले नाही. कारण माझं अगदी उलटं झालं होतं. बाळंतपणानंतर मला वाईट दिवस आले. मी सासूबाईंना म्हटलं, ‘मला लई बेजार व्हायलंय.’ माझ्या डोक्यात आमचं कन्नड बेजार होतं. आमच्यात मन खट्टू झालं, दुःख झालं, कशात रस राहिला नाही, सगळ्याला बेजारच म्हणतात. त्यांना मराठी बेजार ऐकू आलं. म्हणजे कुणीतरी त्रास देऊन जेरीला आणलंय. त्यांना वाटलं मी त्यांनाच बोलतेय, बाळाच्या करण्याला वैतागलेय. चार दिवस अबोला. शब्द एकच, आणि आम्ही दोघी रडत होतो, दोन वेगळ्या खोल्यांत.

आमच्याकडं आणखी एक म्हणतात, ‘मनस्सिगे समाधान इल्ला’. हे मी मराठीत ‘मनाला समाधान नाही’ असं सांगितलं, तर नवरा म्हणाला, ‘अजून काय पाहिजे तुला?’ त्याला वाटलं मी काही मागतेय. मला एवढंच सांगायचं होतं की आत शांत वाटत नाही.

म्हणून सांगते, हे मराठी-कन्नडचं भांडण करू नका. तुमची सिस्टर कन्नडच होती की.

मलप्रभा_माहेर

गोकाकताई, नाही करणार. त्या सिस्टरना मी संक्रांतीला तीळगूळ घेऊन गेले होते, त्यांनी उलट मला करदंट दिला. तुमच्या गावचाच.

जुना_मास्तर

मी चिकोडी तालुक्यात तेहतीस वर्षं प्राथमिक शिक्षक होतो. वय एकाहत्तर. एक गोष्ट तुम्हा तरुण मंडळींना पटणार नाही, तरी लिहितो.

माझ्या आईच्या अंगात यायचं. वडील तापट होते, घरात तिला कुणी बसून बोलू दिलं नाही. पण पौर्णिमेला अंगात आलं की ती अंगणात उभी राहून वडिलांना नाव घेऊन बोलायची, हातात परडी, केस मोकळे. वडील समोर हात जोडून बसायचे. गावातले सगळे ऐकायचे. दुसऱ्या दिवशी ती शांत असायची, महिनाभर शांत. तिला कुठल्या दवाखान्यात नेऊन गोळ्या दिल्या असत्या तर तिचं काय भलं झालं असतं मला समजत नाही. आजार नव्हता तो. तिला ऐकून घेणारं माणूस हवं होतं, ते देवानं दिलं. त्यामुळं देवस्की म्हटलं की सगळं अज्ञान, असं जे हल्ली बोलतात ते मला सहन होत नाही.

निपाणीकर_७९

मास्तर, तुमच्या आईंबद्दल तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण आमच्या भावाला पहिली दोन वर्षं आम्ही असंच फिरवलं. एका ठिकाणी त्याला साखळीनं बांधलं होतं. पायाला व्रण अजून आहे. तुमची आई बोलून मोकळी झाली. माझा भाऊ बोलायचा तेव्हा त्याला मारायचे.

जुना_मास्तर

हे वाचून वाईट वाटलं. साखळीचं समर्थन मी कधीच करणार नाही. माझा अनुभव मी सगळ्यांना लावायला नको होता.

सीमेवरची_ताई

मी बारा वर्षं ह्याच भागात मनोरुग्णांच्या घरच्यांबरोबर काम करते. निम्मं काम खानापूर-हुक्केरीच्या वाड्यांवर, निम्मं दवाखान्यांच्या ओसरीवर. थोडं कामाचं सांगते.

साखळीचा विषय निघाला म्हणून आधी ते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ९५ नं माणसाला कुठल्याही प्रकारे साखळीनं बांधायला बंदी आहे. कुठं दिसलं तर पोलिसांना कळवता येतं, आणि त्यांनी ते लगेच मॅजिस्ट्रेटना कळवायचं असतं.

मलप्रभाताईंसाठी त्यातलं कलम २२ महत्त्वाचं. पेशंटला त्याच्या आजाराची आणि उपचाराची माहिती त्याला कळेल अशा भाषेत मिळाली पाहिजे, हा हक्क आहे. बेळगावात राहणाऱ्या मराठी माणसाला तो आहे आणि कोल्हापुरात गेलेल्या कन्नड माणसालाही आहे. ‘मला मराठी येणाऱ्या सिस्टर किंवा ब्रदरना बोलवा’ असं म्हणण्यात संकोच करू नका. बहुतेक ठिकाणी वॉर्डात कुणीतरी निघतंच. आणि हात जोडून सांगते, मुलांना मधे घालू नका. नवऱ्यालाही नको, सासूलाही नको. भाषांतर करणाऱ्याला उत्तराची भीती असेल तर प्रश्नच बदलतो. हे मी कितीदा डोळ्यांनी बघितलंय.

‘मरावंसं वाटतं काय’ असं विचारलं तर माणसाच्या डोक्यात तो विचार घुसेल, ही भीती घराघरात आहे. तसं होत नाही. विचारल्यानं माणूस मोकळा होतो. त्या सिस्टरनी बरोबर केलं. आणि कुणी तसा प्रयत्न केलाच असेल, तर पोलीस केसच्या धाकानं दवाखाना टाळू नका. कलम ११५ प्रमाणे तो माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं असतं. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत ठेवलेलंही नाही.

फोनवर बोलायचं असेल तर टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन, नंबर १४४१६. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालं, पैसे पडत नाहीत, रात्रीही चालू असतं. फोन लागला की भाषा निवडायला सांगतात, त्यात मराठी आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कर्नाटक सरकारच्या ‘मनोचैतन्य’ योजनेखाली मंगळवारी मनाचे डॉक्टर येतात. तुमच्याकडचा वार आशाताईंना विचारून खात्री करून घ्या. आणि धारवाडची भीती काढून टाका. तिथं बाहेरच्या बाहेर तपासून, औषध घेऊन संध्याकाळच्या बसनं परत येणारी माणसंच जास्त असतात.

गोळ्यांबद्दल एकच. उदासीच्या गोळ्या पहिल्या दिवसापासून गुण देत नाहीत, दोन ते चार आठवडे जातात. आपल्याकडं आठव्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून सोडतात. आणि बरं वाटलं की परत आपल्याच मनानं एकदम बंद करतात. दोन्ही करू नका.

वडगाव_माग

आमच्याकडं चार पॉवरलूम होते. आता एकच चालतोय. मला माग बंद झाला तरी डोक्यात आवाज चालू राहतो. रात्री पण. कुणाला सांगितलं नाही. घरात मीच मोठा. गडी माणसानं असलं काय सांगायचं. हा धागा तीन वेळा वाचला.

सीमेवरची_ताई

भाऊ, तीन वेळा वाचून लिहिलंत, फार बरं केलंत. तुम्हाला मी सरळ विचारते, जगू नये असं वाटतं काय? इथं उत्तर द्यायचं नसेल तर १४४१६ ला आत्ता फोन करून सांगा. किंवा मला व्यक्तिगत निरोप टाका, मी जागी आहे.

निपाणीकर_७९

दादा, मी पण घरात मोठाच. भावाला खोपीत ठेवून आलो त्या रात्रीपासून मला जेवण जाईना झालं, सात-आठ महिने. ‘गड्यानं हाय खाल्ली’ म्हणून गावात बोलायचे. मी पण शेवटी त्याच कोल्हापूरच्या डॉक्टरांपुढं जाऊन बसलो. त्याच बाकावर, भावाच्या शेजारी. त्यानंच मला पाणी आणून दिलं.

वडगाव_माग

ताई, निरोप टाकलाय.

गोकाकची_सून

शब्दांचं विचारलं होतं ना, मी घरी सगळ्यांना विचारून बघितलं. ‘डिप्रेशन’ आमच्या गल्लीत फक्त कॉलेजची पोरं म्हणतात, आणि परीक्षेत कमी मार्क पडले तरी म्हणतात. ‘उदास’ कुणीच बोलत नाही. सासूबाई म्हणतात ‘जीव लागत नाही’. सासरे म्हणतात ‘धसका घेतला’. शेजारच्या आजी म्हणतात ‘काळीज खाली खाली जातंय’, आणि त्यासाठी त्या तीन वेळा हृदयाचा डॉक्टर करून आल्या, कार्डिओग्राम चांगला. माझ्या माहेरी ‘तली केट्टैति’ म्हणतात, डोकं बिघडलंय, पण ते लोक रागानं म्हणतात, आजारी माणूस स्वतःबद्दल म्हणत नाही.

आता सासूबाई आणि मी दोघी मिळून बोलतो. मी म्हणते, अत्ते, कन्नड बेजार झालंय. मग त्या मला काम सांगत नाहीत, चहा करून आणतात.

सीमेवरची_ताई

शेजारच्या आजींचं अगदी ओळखीचं आहे. आपल्याकडं मनाचं दुखणं बहुतेक वेळा अंगावरच सांगतात. छातीत धडधड, डोक्यात मुंग्या, पोटात गोळा, हातापायाची आग. हे खोटं नसतं, खरंच होतं. डॉक्टरांनी एवढंच ऐकून सोडू नये, आणि आपणही ‘कार्डिओग्राम चांगला’ म्हटल्यावर थांबू नये. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मोठ्या माणसांत १०.६ टक्क्यांना कुठला ना कुठला मानसिक आजार निघाला होता. म्हणजे आपल्या गल्लीत दहा माणसं कट्ट्यावर बसली तर एकजण असा असतो, आणि तो सगळ्यांबरोबर हसत असतो.

वडगावच्या भावांशी बोलणं झालं. जास्त लिहीत नाही, त्यांनी ‘लिहा’ म्हटलं तेवढंच लिहिते. मंगळवारी जायचं ठरलंय.

मलप्रभा_माहेर

सगळ्यांचं वाचलं. मास्तर, तुमच्या आईंचं मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

आणखी एक सांगायचं राहिलंय. काल मी हा धागा मुलाला दाखवला. आता पंधराचा झालाय, आवाज फुटलाय. त्यानं सगळं वाचलं आणि मोबाईल परत दिला, काहीच बोलला नाही. रात्री जेवताना बाबा यायचे होते, आम्ही दोघंच होतो. ताटातच बघत म्हणाला, ‘आई, मला तेव्हा कळलं होतं. बेजार म्हणजे कंटाळा नव्हे. माझ्या मित्राचे आजोबा वारले तेव्हा त्याची आई हेच म्हणायची. डॉक्टर काय विचारतायत ते कळलं होतं मला.’

मी विचारलं, ‘मग?’

‘मी खरं विचारलं असतं आणि तू होय म्हणाली असतीस तर?’

तीन वर्षं तो हे घेऊन शाळेत जात होता.

थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, ‘आता येतं काय तसलं मनात?’ मी म्हटलं, ‘कधीमधी येतं. आलं की बाबांना सांगते, सिस्टरना फोन करते. ते सांभाळायचं काम तुझं नाही.’ त्यानं मान हलवली. स्वतःचं ताट उचलून मोरीत ठेवलं, परत येऊन माझंही घेऊन गेला, आणि नळ सोडून दोन्ही घासायला लागला.